गुरुजींचा कंठ आणि विनायक

श्रीविश्वेश्वराला वंदन करून, त्याच्याच चरणी विसावलेल्या माझ्या धाकट्या गुरुबंधूचे, विनायकाचे, स्मरण आज लिहावयास बसलो आहे. त्याला जाऊन सहा आठवडे झाले. त्या सकाळी स्नान आटोपून मी बालाजी घाटाच्या पायऱ्या चढत होतो, तोच त्याच्या पत्नीचा फोन आला. "दादा, हे उठतच नाहीत हो..." एवढेच ती बोलू शकली. दुपारी मणिकर्णिकेवर आम्ही त्याला निरोप दिला.

आम्ही दोघे एकाच गुरुजींपाशी वेद शिकलो. मी अध्यापनात राहिलो. विनायकाने निराळाच व्यवसाय पत्करला. उपाहारगृहांत जेवणाऱ्यांच्या पाठीमागे मंद आवाजात कोणते संगीत वाजावे हे तो ठरवून देई आणि ते ज्यांचे असेल त्यांच्याकडून रीतसर परवाना मिळवून देई. कुठे नावेसारखी सजावट, कुठे नवाबी महाल, कुठे बारमध्ये जुन्या सिनेमागृहाचा देखावा. "वेद शिकून आता मद्यालयात गाणी लावतोस?" असे मी एकदा टोचून बोललो. तो हसून म्हणाला, "दादा, तिथंही कलावंताचा मान राखणारं कुणी हवंच ना?" मला ते पटले नव्हते.

त्याची खरी योग्यता मला कळली ती त्याच्या एका चुकीमुळे. रामनगरच्या बाजूला जुन्या काशीचा देखावा उभारलेले एक उपाहारगृह निघाले. मालकाला 'बनारस का असली माहौल' हवा होता. गुरुजींच्या उतारवयात विनायकाने त्यांचे वेदपठण ध्वनिमुद्रित केले होते. त्यांच्या आवाजाची तेवढीच खूण मागे उरली होती. वेद अपौरुषेय, त्यांना मालक कोण, मग परवाना तरी कुणाचा घ्यायचा, अशा समजुतीने त्याने ते देऊन टाकले आणि करारावर सही केली. पाठशाळेत वाढलेल्या माणसाच्याच हातून व्हावी अशी ही चूक! उद्घाटनाच्या जेवणाला तो मलाही घेऊन गेला. गुरुजींचा धीरगंभीर स्वर दालनात उमटला, आणि शेजारच्या टेबलावरून कुणी ओरडले, "अरे भैया, रायता कहाँ रह गया?" विनायकाचा घास हातातच राहिला... तो तसाच उठला.

ते पठण बंद करा म्हटले, तर मालक ऐकेना. "पंडितजी, धीमी आवाज़ में ही तो बजता है. और आपने लिखकर दिया है." विनायक मला म्हणाला, "दादा, मंत्र कुणाचे नसतील, पण कंठ गुरुजींचा होता. त्यावर आता यमूताईंचा हक्क. मी त्यांना विचारलंच नाही." यमूताई ही गुरुजींची कन्या, आज ऐंशीच्या घरात. आम्ही दोघे तिच्याकडे गेलो. सारे ऐकून ती म्हणाली, "अरे, बाबा पंगतीत कुणाला ब्र काढू देत नसत, आणि तू त्यांनाच लोकांच्या जेवणात बोलायला बसवलंस?"

वेदपठणावर हक्क कुणाचा, या कायद्यातल्या संदिग्धतेवर बोट ठेवून दोषातून सुटावे, असे त्याला अनेकांनी सुचवले. त्याने मात्र मालकाला स्वच्छ लिहून दिले, की जे माझे नव्हते ते मी आपणांस दिले, दोष सर्वस्वी माझा. ते ध्वनिमुद्रण तिथून काढले गेले. त्याबरोबर त्या मालकाच्या सगळ्या उपाहारगृहांचे कामही गेले. विनायकाचा निम्मा चरितार्थ त्यावर होता. "घर कसं चालेल?" मी विचारले. "चालवू हळूहळू. पण गुरुजी आता घरी आले, दादा."

ते ध्वनिमुद्रण त्याने यमूताईच्या स्वाधीन केले. मग दर सोमवारी तो तिच्याकडे ऐकायला जाऊ लागला. हवे तेव्हा लाव, असे तिने सांगून ठेवले होते. तरी प्रत्येक वेळी यंत्राला हात लावण्यापूर्वी तो तिची परवानगी घेई. ती चिडे. "किती रे विचारशील, मेल्या?"

गेल्या सोमवारी मी तिच्याकडे गेलो. खिडकीपाशी विनायकाचे लोकरी आसन अंथरलेलेच होते. मी बाजूला चटईवर बसलो. मग यमूताईच त्या आसनाकडे पाहत हळूच म्हणाली, "विनायका, लावू का रे?"... आणि थोडे थांबून तिने कळ दाबली.

वाचकहो, तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांचा आवाज तुमच्या कानी दीर्घकाळ पडत राहो, आणि माता अन्नपूर्णा तुमच्या पंगतीला स्वहस्ते वाढत राहो.