सैल जुडी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवत होते. "सुमन, तुयी ताई गेली," एवढंच भाऊजी बोलले आणि फोन तसाच चालू राहिला. मागे कोंबड्या ओरडत होत्या... मला त्यांचाच राग आला.

हिंगणीला त्या दोघांचं भाजीचं वावर. मेथीची जुडी बांधावी तर ताईनंच. केळीच्या खोडाच्या सोपटाची पट्टी, एक वेढा, एक पीळ, टोक आत, की झाली. मग मल्टिपल स्क्लेरॉसिसनं तिला गाठलं. नसांवरचं आवरण झिजतं, मेंदूचा निरोप हातापर्यंत पोचत नाही, असं वर्ध्याच्या डॉक्टरांनी समजावलं. उजवा हात लाकूड झाला, पण बाईला जुडी बांधणं सोडवेना. भाऊजी वेढा घालून पीळ द्यायचे, ती त्याच हाताचं बोट पिळावर दाबायची, ते टोक खोचायचे. बोट घसरायचं, जुडी सुटायची. एकट्यानं बांधल्या असत्या तर भाऊजींचं काम केव्हाच आटोपलं असतं, पण तिच्यापुढे तसं बोलायची त्यांची छाती नव्हती.

पुढे डॉक्टरांनी मेंदूला हलका करंट द्यायचा आणि सोबत हाताचा व्यायाम करायचा उपचार सुचवला. आजार जाणार नाही, हात सुधारला तर थोडा सुधारेल, हेही स्पष्ट सांगितलं. दवाखान्याच्या खोलीत डोक्यावर ओल्या स्पंजच्या पट्ट्या बांधून बसलेली ताई मला म्हणाली, "पाह्य वं, वावरात मोटरीची लाइन रातच्याले येते, अन् माया डोक्यात भर दुपारी!" व्यायामाला दिलेल्या प्लास्टिकच्या खुंट्या तिनं बाजूला सारल्या आणि मेथी आणायला लावली. काही आठवड्यांनी त्याच खोलीत तिचं बोट पिळावर ठरलं. जुडी सैलच होती, पण सुटली नाही. "लाइन आली!" ती ओरडली. भाऊजी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिले. त्या हिवाळ्यात त्यांची मेथी सैल जुड्यांनीच बाजारात गेली.

मग आजारानं पुन्हा उचल खाल्ली. यंत्र तेच, पट्ट्या त्याच, बोट मात्र उठेना. भाऊजी ते उचलून पिळावर ठेवायचे. शेवटी छातीत कफ भरला... किती झगडली माझी ताई, आणि किती थोडक्यासाठी!

परवा हिंगणीला गेले, तर भाऊजी तिच्या खाटेशी बसून मेथी बांधत होते. वेढा घातला, पीळ दिला आणि जुडी रिकाम्या खाटेकडे धरून थांबले. मला बघवेना. पुढे होऊन मी पिळावर बोट दाबलं. त्यांनी टोक खोचलं, जुडी हातात फिरवून पाहिली.

"तुया बोटानं लय घट्ट बसते, सुमन," ते म्हणाले आणि ती सोडून त्यांनी पुन्हा सैल बांधली.