इस्क्रानं घातलेल्या अटी

नदीकाठच्या रूसे शहरातल्या आमच्या कचेरीत इस्क्रा दोन्चेव्हा नऊ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसली. त्याआधी ती शाळेत गणित शिकवायची. शाळा बंद पडली, तेव्हा पंचेचाळिशीत प्रोग्रामिंग शिकून आमच्यात आली.

आम्ही नद्यांची पाणीपातळी तपासणारा कोड लिहायचो. आकडे फायलीतून येवोत की थेट नदीतल्या यंत्रातून, कोड एकच. म्हणून त्या आकड्यांवरून सरकणारं बोट, म्हणजे इटरेटर, कसं असावं याच्या अटी लागत. त्या इस्क्रानं लिहिल्या. काही बोटं मागे येऊन पुन्हा पहिल्यापासून वाचू शकतात; काहींनी एकदा वाचलं की आकडा गेला तो गेलाच. दोन फेऱ्या मारणाऱ्या कोडला हे दुसऱ्या जातीचं बोट दिलं, तर कोड चालण्याआधी तपासणारा कंपायलर तिथंच अडवायचा. सरहद्दीच्या पुलावर गाड्या अडवून तपासतात, तसं म्हणून पोरं तिला ‘पुलावरची कस्टमवाली’ म्हणत. ती हसायची नाही, चिडायचीही नाही.

एका फेब्रुवारीत आमच्या गटप्रमुखानं, ओग्न्याननं, यंत्राचं थेट बोट दोन फेऱ्यांच्या कोडला जोडलं. कंपायलरनं नाकारलं.

“बाई, काढा ना ती अट! सोमवारी साहेबांना दाखवायचंय.”

“यंत्राचे आकडे पुन्हा वाचता येत नाहीत, ओग्न्यान. आधी साठवून घे, मग दे.”

“तेवढा वेळ कुणाला आहे?”

त्यानं अट काढली नाही. आपल्या बोटाच्या वर्णनात एक शब्द बदलला: ‘मागे येऊ शकतं’. कंपायलर शब्द तपासतो, त्यामागचं खरं-खोटं त्याला कळत नाही.

“अरे, खोटं लिहिलंयस तू!” इस्क्रा माझ्यासमोरच म्हणाली.

“चालतंय ना? मग झालं.”

एप्रिलमध्ये नदी चढली. पहिल्या फेरीत सरासरी निघाली. दुसऱ्या फेरीला, सर्वांत मोठी वाढ शोधायला, आकडेच उरले नव्हते. पडद्यावर आलं: वाढ शून्य. काठच्या एका गावात पुराचं पाणी उपसणारा पंपवाला ते वाचून घरी जेवायला गेला. अकरा शेळ्या बुडाल्या, आणि त्यांना सोडवायला गोठ्यात शिरलेली त्यांची म्हातारी मालकीणही.

चौकशीत ओग्न्यान म्हणाला, “अटी तर बाईंच्या. त्यांनीच पकडायला हवं होतं.” अटींच्या फायलीच्या माथ्यावर नाव तिचंच होतं.

साहेबांनी मला विचारलं, “तू शेजारी बसतोस. तिनं त्याला बजावलं होतं?”

माझी बढती त्या महिन्यात ओग्न्यानच्या हातात होती. “माझ्या कानात हेडफोन होते,” मी म्हणालो.

समोर बसलेल्या इस्क्रानं माझ्याकडे एकदा बघितलं. दुपारपर्यंत तिचं टेबल रिकामं झालं.

ओग्न्यान आता नव्या लोकांना शिकवतो. इटरेटरच्या अटी समजावताना तिच्याच ओळी दाखवतो, माथ्यावरचं नाव तेवढं पुसून. त्या वर्गाला येणाऱ्यांची यादी मी करतो.

परवा बाजारात ती चीज घेताना दिसली. मी थांबलो. नऊ वर्षं मला ‘अरे’ म्हणणारी ती बाई बाजूला सरकली आणि म्हणाली, “तुम्ही घ्या आधी. मला घाई नाही.”