क्रांतीचे ओले तळहात

फलटणच्या क्रांतीच्या तळहातांना भर थंडीतही घाम फुटायचा. शिवणकामात तिचा हात चांगला होता, पण रेशमी कापडावर डाग पडेल या भीतीनं ती नुसती सुती झंपरं शिवायची.

लग्नानंतर शेजारच्या हळदीकुंकवात ती हात पदराखाली घेऊन बसली. सासू बनाबाईंनी ते हेरलं. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "दाव बघू हात. आगं, हे दुखणं हाय. लपवतीस कशाला?" आणि त्या तिला साताऱ्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

"घामाच्या ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतात. यात तुमचा काही दोष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रात्री कोरड्या हाताला लावायचं औषध दिलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा पाण्यात हात ठेवून सौम्य वीज देण्याचा उपचार सुरू केला. घाम पुरता थांबला नाही, पण पुष्कळ कमी झाला.

एकदा तिथून परतताना एसटीत क्रांतीनं आपणहून सासूचा हात धरला.

"आत्या, तुमी नेलं नसतं तर यावर औषध असतं हे मला कळलंच नसतं."

"मला तरी कुठं म्हाईत होतं? म्हणून तर इचारायला गेलो," बनाबाई म्हणाल्या. गाव येईपर्यंत त्यांनी हात सोडवून घेतला नाही.