डोक्याशी घरचं माणूस

मामा गाडी सुरूच करायचे नाहीत. आत रुग्ण तळमळतोय, मी दार लावून घेतलंय, आणि मामा मागे वळून विचारणार, "डोक्याशी घरचं कोण बसलंय?" कुणी नसलं की दार पुन्हा उघडायचं. साठ सालानंतरची गोष्ट. पार्ल्याच्या एका लहानशा इस्पितळात मी नर्स होते आणि मामा तिथल्या अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर. नातेवाइकांनी गाडीत बसायचं नाही असा नियम होता, आणि नियम म्हटला की मी फार कडक.

"मला हात हलवायला जागा नको का, मामा?" मी करवादायचे.

"हात पायाशी बसूनही हलतो, सिस्टर. ओळखीचा आवाज कानाशी असला की माणूस तग धरतं."

एकदा वेसाव्याची एक कोळीण पोटात कळा येणाऱ्या लेकीला घेऊन गाडीत चढली, डोक्यावर मासळीची पाटी तशीच. मी तिला उतरवलं. मामांनी पाटी आपल्या शेजारी ठेवली आणि बाईला लेकीच्या डोक्याशी बसवलं. वाटेत ती रडत विचारत होती, "माजी पोर वाचल ना?" 'काही होणार नाही' हे आमचं ठरलेलं वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात पुढच्या खिडकीतून मामा बोलले, "ते डॉक्टर सांगतील, आई. मी रस्ता सांगतो. हा नाका गेला. आता दोन वळणं." पोर वाचली. चार दिवसांनी बाईने मामांना पापलेटं आणून दिली. माझ्याकडे तिने नुसतं पाहिलं.

मग एका रविवारी दुपारी घरी ह्यांच्याच छातीत कळ आली. शेजाऱ्यांच्या फोनवरून मी इस्पितळ गाठलं आणि मामा आले. मी ह्यांचं मनगट धरून घड्याळावर नजर लावून बसले. गाडी निघाली आणि रेल्वेच्या फाटकाशी अडली. मालगाडी जायची होती. मामा फाटकवाल्यावर ओरडले, पण तो नुसती मान हलवत राहिला.

मामांनी मागे वळून पाहिलं. "सिस्टर, डोक्याशी कोण?"

"मी आहे ना!"

"तुम्ही नाडीशी आहात. डोक्याशी कुणीच नाही."

मला संताप आला. तरी मी सरकले. ह्यांचे डोळे मिटत चालले होते. "अहो, अहो ऐकलंत का," मी म्हणत राहिले.

"नावाने हाक मारा, ताई."

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. माझी जीभ रेटेना. मग ह्यांचा श्वास अडखळला, आणि मी ओरडलेच, "वसंत!"

ह्यांनी डोळे उघडले. चक्क हसले. "पुन्हा म्हण," म्हणाले.

मी म्हणत राहिले. मालगाडी कधी गेली, फाटक कधी उघडलं, मला कळलं नाही. इस्पितळाच्या दारात गाडी थांबली तेव्हा हे गेले होते. तरी मी म्हणतच होते.

डॉक्टरांनी सवयीने विचारलं, "सिस्टर, शेवटची नाडी किती होती?"

मला सांगता येईना. मी मोजलीच नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

मामा पुढे आले. "डॉक्टर, आज गाडीत नर्स नव्हती," ते म्हणाले. "ह्यांची बायको होती."

तेव्हा कुठे मला रडू फुटलं.