ताश्कंदमार्गे भोपाळ

मागच्या महिन्यात सकाळी चहा घेत असताना ग्वाल्हेरहून गुप्ता भाभींचा फोन आला. दाणाओळीत आमच्या कुसुमआत्याच्या खालच्या मजल्यावर त्या राहतात. एरवी त्या फोनवर आधी माझी, मग घरच्यांची, मग इंदूरच्या हवेची चौकशी करतात. त्या दिवशी नुसतंच म्हणाल्या, "भैया, आत्याजी आज उठीं नहीं..." आणि थांबल्या. मग त्याच पुढे म्हणाल्या, "कल शाम को भी पूछ रही थीं, गली में ये खुदाई काहे की चल रही है. मैंने कहा, कल पता करके बताऊँगी." आत्या नव्वदीला आली होती, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. पण ग्वाल्हेरच्या गाडीत बसलो तेव्हा राहून राहून मला त्या खोदकामाचंच वाईट वाटत होतं. उत्तर न मिळता झोपायची सवयच नव्हती तिला.

कुसुमआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. आमचे आजोबा संस्थानच्या कचेरीत होते. पगडी घालून कामावर जाणाऱ्यांच्या शेवटच्या पिढीतले. संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला तेव्हा आत्या शाळेत होती. नवी राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायची, आणि दरवर्षी अर्धं सचिवालय ट्रंका भरून इकडून तिकडे जायचं. पुढे आत्या हिंदी टायपिंग शिकली आणि त्याच सचिवालयात लागली. त्यात जेमतेम रुळली, तोच राज्यांची पुनर्रचना झाली. मध्य भारत नकाशावरून गेला आणि राजधानी भोपाळला गेली. तिच्या खात्यातले बहुतेक लोक गेले. आत्या गेली नाही. ग्वाल्हेरात राहिलेल्या एका कचेरीत तिनं खालची जागा घेतली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. आजी आजारी होती म्हणून कुसुम थांबली, आणि त्यातच तिचं ठरलेलं लग्नही मोडलं, असं घरात सांगितलं जाई. एवढंच. त्यापुढे कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकात माझ्या औषधांच्या कंपनीनं मला ताश्कंदला पाठवलं. तो देश रशियापासून फुटून नुकताच स्वतंत्र झालेला होता. मी एकटा राहत होतो. एकदा फोनवर सहज आत्याला म्हटलं, "ये की इकडे महिनाभर." ती नुकतीच निवृत्त झाली होती. मला वाटलं, वय, पासपोर्ट, थंडी काहीतरी निघेल. तिनं विचारलं, "पाहण्यासारखं काय काय आहे रे तिथं?" मी दोन-चार नावं सांगितली. "बरं. मग येते मी," ती म्हणाली, जणू ग्वाल्हेरच्या टोपी बाजारापर्यंत जाऊन यायचं होतं. दिल्लीहून विमानानं तीन तासांच्या आत ती उतरली, आणि पहिलं वाक्य असं, "अरे, पुण्याला जायला आपल्याला रात्र घालवावी लागते, आणि हे इतक्या जवळ होतं... कुणी सांगितलंच नाही."

मला वाटलं होतं की तिला शहर दाखवावं लागेल. झालं उलट. तेव्हा तिथल्या पाट्या रशियन लिपी सोडून रोमन लिपीत येऊ लागल्या होत्या, आणि ट्रॉलीबसच्या खिडकीशी बसून आत्या त्या मोठ्यानं वाचायची. "चोयखोना... अरे, चायखाना. बोझोर म्हणजे बाजार. हे लोक आ चा ओ करतात, बंगाल्यांसारखं." एकदा किल्ली हाती लागल्यावर तिला आवरणं कठीण झालं. चोरसूच्या बाजारात, त्या मोठ्या निळ्या घुमटाखाली, तिनं प्याज मागितला, कांदे मिळाले. अनार मागितलं, डाळिंब मिळालं. मग हिंमत वाढून तिनं सब्जी मागितली, तर बाईनं तिच्या पिशवीत गाजरं भरायला सुरुवात केली. "गाजर नहीं, सब्जी," आत्या ग्वाल्हेरी हिंदीत म्हणाली. बाईनं गाजर उंच धरून ठामपणे सांगितलं, "सब्झी." तिथं गाजरालाच सब्झी म्हणतात. आत्या खूश झाली. हे असं का झालं असेल यावर तिनं मला परतीच्या वाटेवर अख्खं व्याख्यान दिलं, आणि आम्ही चार दिवस गाजराची कोशिंबीर खाल्ली.

टोपीवाल्याकडे तर ती तासभर उभी होती. काळ्या कापडावर पांढऱ्या मिरच्यांसारखी नक्षी असलेल्या त्यांच्या चौकोनी टोपीला ते 'दोप्पी' म्हणतात. आत्या त्याला हातवारे करून सांगत होती की आमच्या गावात याच नावाचा बाजार आहे. त्याला काय कळलं कोण जाणे. त्यानं तिच्याकडे बोट दाखवून ही तुझी कोण असं मला विचारलं. वडिलांची बहीण, मी म्हटलं. "अम्मा," तो म्हणाला. त्यांच्याकडे आत्याला अम्मा म्हणतात. पुढं त्या रांगेतल्या सगळ्या दुकानदारांची ती अम्मा झाली. मेट्रोतली झुंबरं आणि संगमरवरी खांब पाहायला आम्ही प्रत्येक स्थानकावर उतरायचो. फोटोला बंदी होती आणि एक पोलीस आमच्याकडे सारखा बघत होता. आत्या मान वर करून इतक्या निवांतपणे छत न्याहाळत राहिली की शेवटी त्यानंही वर पाहिलं.

मोठ्या चौकातला जुना पुतळा हलवून तिथं पृथ्वीचा गोल बसवला होता. त्यावर एकच देश कोरलेला, तो म्हणजे त्यांचा. सगळे पाहुणे तो गोल पाहत. आत्यानं विचारलं, "पुतळा कुठं ठेवला मग?" मला माहीत नव्हतं. घरी येऊन तिनं तेच नीना पेत्रोव्नाला विचारायला लावलं.

नीना पेत्रोव्ना माझी घरमालकीण. तिच्या घरातली एक खोली मी भाड्यानं घेतली होती. साठीच्या आसपासची, पाठीत ताठ, विधवा बाई. फार वर्षांपूर्वी ताश्कंदला मोठा भूकंप झाला तेव्हा शहर नव्यानं उभारायला ठिकठिकाणहून माणसं आली, त्यांतली ती एक. नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढायची. पुतळ्याचा प्रश्न ऐकून तिनं आत्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "असेल एखाद्या गोदामात. हा प्रश्न मला इथे आतापर्यंत कुणी विचारला नाही." तेव्हापासून दोघींचं जमलं. एकीला मराठी-हिंदी, दुसरीला रशियन, आणि मध्ये मी, दुकानदारीपुरत्या रशियनचा दुभाषा.

नीनाच्या दिवाणखान्यात भिंतीला लागून दोरीनं बांधलेली खोकी रचलेली होती. मी त्यांना सरावलो होतो. आत्या नव्हती सरावली. एका सकाळी स्वयंपाकघरात नीना जर्दाळूचा मुरंबा बाटल्यांत भरत होती, आत्या बिया वेगळ्या करत होती. आत्या म्हणाली, "विचार रे तिला, ती खोकी कधीपासून बांधून ठेवलीत?"

"दीड वर्ष झालं," नीना म्हणाली. "मुलगी समाराला आहे. रशियात. म्हणते, आई, तिथं आता तुझं काय आहे, ये. मी सामान बांधलं. मग वाटलं, जर्दाळू होऊन जाऊ देत. मग वाटलं, हिवाळा जाऊ दे..."

"समारा कसं आहे?"

"मी पाहिलेलं नाही."

"आणि इथं?"

नीनानं हातातला चमचा खाली ठेवला. "या रस्त्याचा नकाशा मी काढलाय. आता त्याचं नाव बदललं. मला ते नीट उच्चारतासुद्धा येत नाही. तक्रार नाही माझी. देश त्यांचा आहे, नाव त्यांनी ठेवावं. पण मी कुठली, ते मला कळेनासं झालंय."

मी हे सगळं मराठीत सांगितलं. आत्यानं पुढ्यातल्या बिया बाजूला सारल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता मी सांगते ते तिला सांग. मधे थांबू नको."

आणि ती सांगू लागली. "राजधानी हलली तेव्हा आमच्या कचेरीसमोर फायलींच्या गाठोड्यांचे ढीग होते. माझ्याच खात्यात वसंतराव होते, त्यांच्याशी माझा साखरपुडा झाला होता. दोघांनाही बदलीचा हुकूम आला..." साखरपुडा या शब्दापाशी मी अडलो. लग्नाचं वचन असं काहीतरी म्हणालो. नीनानं मान हलवली. आत्या पुढे म्हणाली, "आई आजारी होती म्हणून मी थांबले असं सगळे समजतात. आई आजारी होती, पण तिची माझ्या जाण्याला हरकत नव्हती. मला भोपाळला जायचंच नव्हतं. माझ्या गावाकडून राजधानी नेणारं गाव म्हणून मी भोपाळवर रागावले होते. वसंतराव म्हणाले, एकदा येऊन बघ तरी. मी नाही गेले."

मी तिचं वाक्य रशियनमध्ये म्हणालो. त्या भाषेतही मराठीसारखं, बोलणारा पुरुष की बाई यावर क्रियापद बदलतं, आणि मी घाईत 'मी नाही गेलो' असं म्हणून गेलो होतो. नीनानं हळूच मला दुरुस्त केलं, "गेले नाही." मी पुन्हा म्हणालो, मी गेले नाही. आपल्या घरातली आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट परक्या भाषेत, आत्याच्या जागी बसून मी सांगत होतो. ती ऐकत होतो की सांगत होतो, तेच मला कळत नव्हतं.

"नंतर कधी पाहिलंत ते शहर?" नीनानं विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. "गाडीनं चार-पाच तासांवर आहे. लोक सांगायचे, तलाव फार सुंदर आहे. मी विषय बदलायचे. न पाहिलेल्या गावावर इतकी वर्षं रुसून बसले मी. गावाला त्याचं काय?" मग तिनं नीनाकडे सरळ पाहिलं. "तिला म्हणावं, जा किंवा राहा, ते मी सांगणार नाही. पण एकदा जाऊन बघून ये. खोकी इथंच राहू देत. नुसती पाहुणी म्हणून जा. आणि मग ठरव."

नीनानं मुरंब्याच्या बाटलीचं झाकण लावलं, आणि ती बाटली आत्यापुढे सरकवली.

महिना संपल्यावर मीही सुट्टी काढून आत्याला पोचवायला निघालो. दिल्लीला भोपाळकडे जाणारी गाडी पकडली. तिकिटं ग्वाल्हेरपर्यंतची होती. मुरैना गेलं तसं मी सामान खाली काढू लागलो. आत्या खिडकीशी बसून राहिली. "राहू दे," ती म्हणाली. "टीसीला विचार, पुढचं तिकीट करून मिळतं का." ग्वाल्हेर स्टेशन आलं. पुलाखालून ओळखीचा फलाट सरकत थांबला, ओळखीच्या आवाजात चहावाले ओरडले, आणि आत्या जागची हलली नाही. गाडी सुटल्यावर तिनं एक मोठा श्वास घेतला आणि विचारलं, "झाँसी किती वेळात?"

भोपाळला पहिला दिवस तिनं नुसता तलाव पाहिला. बोटीतून, काठावरून, टेकडीवरून. दुसऱ्या दिवशी एका जुन्या सहकाऱ्याकडून पत्ता घेऊन आम्ही वसंतरावांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं. पांढरे केस, जाड चष्मा. त्यांनी आधी मला पाहिलं, मग आत्याला.

"मी कुसुम. दाणाओळीतली."

"ओळखलं," ते म्हणाले. मग अगदी कचेरीतल्या सुरात, "बदली मंजूर झाली वाटतं."

"हो," आत्या म्हणाली. "जरा उशीर झाला. फाईल ताश्कंदला अडकली होती."

त्यांच्या पत्नी आतून आल्या. कोण आलं आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही. "या, या, खूप ऐकून आहे मी तुमच्याबद्दल," असं म्हणून त्यांनी आत्याचा हात धरून तिला आत नेलं. दुपारभर तिघं बोलत होती, मी ऐकत होतो. आत्यानं विचारलंच, की आपल्या खात्याच्या फायली इथं कुठं ठेवल्या होत्या. पहिला पावसाळा त्या एका व्हरांड्यात ताडपत्रीखाली होत्या, वसंतराव म्हणाले, आणि तुझा टाइपरायटरही आम्ही आणला होता. "त्याचा 'क्ष' उठत नव्हता," आत्या म्हणाली. "कधीच उठला नाही," वसंतराव म्हणाले. निघताना ते फाटकापर्यंत आले. रिक्षात आत्या मागे वळून फाटकाकडे पाहत होती. मग म्हणाली, "चांगलं गाव आहे रे. उगीच..." आणि तलाव दिसू लागला, तसं ते वाक्य तिनं तिथंच सोडलं.

त्या हिवाळ्यात नीना पेत्रोव्ना समाराला गेली. बर्फ वितळताना परत आली, आणि तिनं एकेक करून सगळी खोकी सोडली. पुढं बऱ्याच वर्षांनी, गुडघे गेल्यावर, ती मुलीकडे कायमची राहायला गेली, पण तेव्हा ती न पाहिलेल्या गावाला जात नव्हती. आत्या मात्र दर दोन-तीन वर्षांनी भोपाळला जायची. आणि मधल्या काळात ग्वाल्हेरात टेंपोत बसून ओळख नसलेल्या मोहल्ल्यांत. हजीऱ्याच्या पलीकडे एखाद्या नव्या वस्तीत उतरून ती पानवाल्याला विचारायची, "भैया, यहाँ देखने लायक क्या है?" पानवाले आधी हसायचे, आणि मग विचारात पडायचे.

दहावं-तेरावं झाल्यावर मी आत्याच्या खोल्या आवरत होतो. गुप्ता भाभी चहा घेऊन वर आल्या. कप अर्धाच होता. मला वाटलं, दूध संपलं असेल. मी तो दोन घोटांत संपवला, तर त्यांनी किटली पुढे करून पुन्हा अर्धाच भरला. मी पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "आत्याजी ने सिखाया है," त्या म्हणाल्या. "कहती थीं, भरा कप देने का मतलब है, पीओ और जाओ. मेहमान को रोकना हो तो आधा दो. बार-बार देना पड़े, उतनी देर बैठेगा." आता दाणाओळीतल्या चार-पाच घरांत असाच चहा मिळतो, असं त्यांनी सांगितलं. कारण कुणी विचारत नाही. ताश्कंदला पाहुण्याला असाच अर्धा चहा देतात, नीना पेत्रोव्नाही द्यायची; तिच्या स्वयंपाकघरातली ही रीत आत्यानं कधी उचलली, मला पत्ता नव्हता.

मी कप पुढे केला. भाभींनी अर्धा भरला, आणि समोर बसल्या.

"गली में वो खुदाई काहे की थी, भाभी?" मी विचारलं.

"पानी की नई लाइन," त्या म्हणाल्या. "हजीरा की तरफ से आ रही है." आणि कुठून, कशी, ते सविस्तर सांगू लागल्या.