टँकरचा नंबर आणि शाहीनआपांचं प्लगइन

प्लगइनची सोय मला कितीला पडली? दोन रविवार, मेहुण्याचा बुडवलेला साखरपुडा, आणि त्यापायी बायकोनं धरलेला अबोला... हिशेब अजून चालूच आहे.

आमच्या बायपासपलीकडं इमारती आल्या, नळ यायचाय. त्यात हे दुष्काळाचं वर्ष. कुठल्या घरी टँकर आधी जाणार, यासाठी मी एक टूल लिहिलंय... काळ्या स्क्रीनवर कमांड टाकली की नंबरानं यादी बाहेर. मी मूळचा वायरमन, कोडिंग व्हिडिओ बघून शिकलो, त्यामुळं कौतुक जरा जास्तच.

पण प्रत्येक वस्तीचा नियम वेगळा. शाळेच्या गल्लीत सकाळी नको, बोळात मोठी गाडी नको... दर वेळी मीच कोड उघडायचो. म्हणून प्लगइनची सोय केली. ज्याचा नियम त्यानं छोट्याशा कोडमध्ये लिहावा आणि बाहेरून टूलला जोडावा, माझा कोड न उघडता. आता टँकरसाठी कुणाला फोन करावा लागणार नाही, असं इथंच पोस्ट टाकून मिरवलंही होतं.

फुलंब्री रोडच्या विहिरीवरून शाहीनआपा टँकर भरून सोडतात. पहिलं प्लगइन त्यांनीच लिहिलं... ज्या घरी मयत, तिथं टँकर आधी. आपल्याकडं हे माणसाला सांगावं लागत नाही, टूलला सांगावं लागतं.

परवा सकाळी त्यांचा फोन. एका घरी आजोबा वारले होते, आंघोळ घालायलाही पाणी नव्हतं. प्लगइननं ते घर वर नेलं, आणि माझ्या टूलनं परत तळाशी आणलं. शेवटचा शब्द नंबराचाच, असं कुलूप मीच घालून ठेवलेलं...

मी समजावू लागलो. आज एकाला सोडलं की उद्या सगळेच वशिला लावतील, नंबरवाले भांडतील.

"भाऊ, जरा ऐका," एवढं म्हणून आपांनी फोन गर्दीकडं धरला.

मी कान दिला. एरवी त्यांच्या फोनमागं नंबरवाल्यांचा 'माझी गाडी आधी' असा नुसता गलका असतो. आज फक्त विहिरीवरची मोटार ऐकू येत होती.

"सगळे नंबरवाले इथंच उभे हायेत. कोणी बोलतंय का? तुमचं टूलच तेवढं भांडतंय."

कुलूप काढलं. माझा नंबराचा नियमही आता एक साधं प्लगइन आहे, आपांच्या नियमाखालचं. शुक्रिया, आपा...

बदल झाल्याचं कळवायला फोन लावला, तर टँकर त्या घरी कधीच पोचला होता. आपांनी ड्रायव्हरला आधीच फोन केला होता.