चिकट बोटं

माझ्या मावशीच्या सासऱ्यांना सगळी गल्ली काजआजोबा म्हणायची. ऐन उमेदीत त्यांनी कोट शिवले. पुढे अर्धांगाचा झटका आला, डावा पाय ओढत चालायला लागले, बोलणंही अडखळायला लागलं. मशीन मावशीकडे आलं आणि त्यांच्याकडे उरली काजं, बटणं आणि तुरपाई. त्यांचं काज उलट्या बाजूने पाहिलं तरी सुलटच वाटायचं. माणूस अबोल, पण गोडाला हपापलेला. डॉक्टरांनी साखर बंद केली तर हे उशीच्या अभ्र्यात बिस्किटं लपवायचे. एकदा तर खोकल्याच्या औषधाची बाटली चाटूनपुसून संपवली. त्यावर घर कितीतरी दिवस हसत होतं. पुढे तेच हसणं त्यांच्या मुळावर आलं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एकच खिडकी, खिडकीशी कापायचं टेबल, टेबलाला लागून आजोबांची खुर्ची आणि वर फळीवर जेडचं झाड. जाडजूड पानांचं, टेबलावर झुकलेलं. पाणी फारसं मागत नाही, कुरकुरत नाही, म्हणून मावशीचं लाडकं. (माणसांकडूनही तिची एवढीच अपेक्षा असायची.) त्या वर्षी त्याची पानं तेल चोपडल्यासारखी चकाकायला लागली. "काय घालता हो याला?" गिऱ्हाईकं विचारायची आणि मावशी खुलायची.

त्याच सुमाराला कापडावर डाग दिसायला लागले. बारीक, चिकट ठिपके. त्यांवर धूळ बसायची, मुंग्या लागायच्या. मुंग्या दिसल्यावर आणखी पुरावा कशाला हवा? एका बाईंचा क्रीम रंगाचा रेशमी ड्रेस वाया गेला, तेव्हा मावशीचा तोल सुटला.

"बाबा, खायचं तर खुशाल खा. पण त्याच हातांनी कापडाला कशाला शिवता? पोटावर पाय येईल आपल्या!"

"मी... नाही खाल्लं," आजोबा म्हणाले.

"मग मुंग्यांना काय मी आमंत्रण दिलं?"

काका, म्हणजे मावशीचे यजमान, पेपरातून मान वर न काढता हसले. स्वतःच्या बापाची बाजू घ्यावी असं त्यांना वाटलं नाही.

तेव्हापासून आजोबा सुई धरण्याआधी साबणाने हात धुवायला लागले. पुन्हा पुन्हा, कातडी पांढरी पडेपर्यंत. "चोराच्या मनात चांदणं," मावशी म्हणायची. डाग थांबले नाहीत. मग आजोबांचं काम काढून घेतलं, खुर्ची आतल्या खोलीत गेली. तिथून फक्त भिंत दिसायची. तरी डाग पडतच होते. मावशीने ठरवून टाकलं, की ती बाजारात गेली की हे भिंत धरत धरत येतात. शेवटी रोजच्या कटकटीला कंटाळून आजोबांच्या धाकट्या मुलाने त्यांना आपल्याकडे नेलं.

पुढच्याच आठवड्यात नव्या कापडावर चिकट ठिपके होते.

मावशीने ठिपक्यांवरून नजर वर नेली, तर नेमकं त्यांच्यावरच झुकलेलं झाड. मग स्टुलावर चढून तिने एका पानाला बोट लावलं. बोट चिकटलं. खोडावर तपकिरी खवले होते. आम्ही त्यांना सालीचाच भाग समजत आलो होतो. तिने एक खवला नखाने खरवडला, तर आत ओलं.

रोपवाटिकेतल्या माळ्याने फांदी हातात घेतली आणि सांगितलं, "खवले कीड आहे ही. झाडाचा रस पिते आणि गोड चिकटा गाळते. मुंग्या त्यालाच येतात. स्पिरिटच्या बोळ्याने एकेक खवला काढा, मग साबणाच्या पाण्याने पानं पुसा."

मी कुंडी धरली आणि मावशीने पान न् पान पुसलं. चकाकी उतरली. झाड एकदम साधं दिसायला लागलं. "काय काय बोलले गं मी त्यांना," ती म्हणाली. मला तिचा राग आला होता आणि तिची कीवही येत होती.

रविवारी आम्ही दोघी आजोबांना भेटायला गेलो. आजोबा पलंगावर बसले होते, फार वाळलेले. मावशी त्यांच्या पायाशी बसली.

"बाबा, तुम्ही काही केलं नव्हतं. झाडाला कीड लागली होती, त्याचाच चिकटा खाली पडत होता. चुकलं माझं."

आजोबांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"झाडावर... नको ढकलूस. मीच असेन. एवढी सगळी... म्हणत होती."

"अहो, खरंच नव्हतात तुम्ही!"

"विसरलो असेन," ते म्हणाले आणि तिला बरं वाटावं म्हणून हसले.

मावशीने पिशवीतून बिनबटणांचा एक शर्ट काढला आणि सुईदोऱ्यासकट त्यांच्या मांडीवर ठेवला. आजोबांनी दोन्ही हात चटकन वर उचलले आणि तसेच अधांतरी धरून ठेवले, कापडाला लागू नयेत म्हणून. मावशीने शर्ट परत उचलेपर्यंत त्यांनी ते खाली घेतले नाहीत.